लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेच्या आधीचे महिने

माझ्या धाकट्या जावेच्या शस्त्रक्रियेची पहिली तारीख अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यातली होती. रुग्णालयातून मिळालेल्या कागदावर 'आधीचे दोन आठवडे कमी उष्मांकाचा द्रव आहार' एवढीच एक ओळ होती आणि ते दोन आठवडे नेमके आमच्या इंदूरमधल्या राजेंद्रनगरच्या घरातल्या गणपतीचे होते. तिने दिवसभर मुगाचे कढण आणि ताक घेतले, परंतु आरतीनंतर प्रसादाचा मोदक नाकारणे तिला जमले नाही, गौरीच्या जेवणाला पुरणपोळीचे पान वाढलेले असताना उठून जाणेही जमले नाही. दोन आठवड्यांनी वजन केले तेव्हा ते दीड किलोने वाढलेले निघाले आणि सर्जनांनी तारीख पुढे ढकलली. घरात सर्वांना ती शिक्षा वाटली. ती शिक्षा नव्हती, हे आम्हाला फार उशिरा कळले, कारण त्या एका ओळीमागचे कारण आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते.

कारण यकृतात आहे. लठ्ठपणा असलेल्या बहुतेकांच्या यकृतात चरबी साठलेली असते आणि त्यामुळे ते मोठे, जड व ठिसूळ झालेले असते. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर आडवा पसरलेला असतो. दुर्बिणीची शस्त्रक्रिया करताना तो भाग एका साधनाने उचलून धरावा लागतो, तेव्हाच जठर आणि अन्ननलिका जिथे मिळतात ती जागा सर्जनला दिसते. यकृत फुगलेले असेल तर ते नीट उचलले जात नाही, उचलताना फाटून रक्तस्राव होऊ शकतो आणि कधी कधी दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडण्याची वेळ येते. आता त्या दोन आठवड्यांचे काम पाहा. रोजचे उष्मांक साधारण ८०० पर्यंत खाली आणले आणि भात, पोळी, साखर जवळजवळ बंद केली, की शरीर प्रथम यकृतात साठवलेली ग्लायकोजन नावाची साखर वापरू लागते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते, तेही निघून जाते, आणि पाठोपाठ चरबीही कमी होऊ लागते. यकृताच्या आकारात होणारी घट बरीचशी पहिल्या दोन आठवड्यांतच होते, म्हणून हा आहार नेमका शस्त्रक्रियेला लागून ठेवतात. महिनाभर आधी पाळून नंतर चार दिवस गोडधोड खाल्ले, तर ग्लायकोजन पुन्हा भरते आणि यकृत पुन्हा फुगू लागते.

हे कारण कळल्यावर माझ्या जावेने दिवाळीनंतरची तारीख घेतली आणि दुसऱ्या खेपेला एकही दिवस चुकवला नाही. तोच माणूस, तेच घर, तीच सासूबाईंची माया. फरक पडला तो फक्त कारण माहीत असण्याने. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाला जे जे करायला सांगितले जाते, त्यातल्या प्रत्येक गोष्टीचे कारण जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे. कोणाचे औषध कधी थांबवायचे आणि कोणी कोणती शस्त्रक्रिया करून घ्यायची, हे मात्र ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायचे आहे.

शस्त्रक्रियेत होते काय

तयारीची कारणे समजण्यासाठी शस्त्रक्रियेची थोडी ओळख हवी. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन या सर्जननी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास प्रथम केली. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन उतरते आणि पुन्हा सहजी वाढत नाही, हे निरीक्षण त्यामागे होते. आज आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकार केले जातात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते, पण अन्न त्यातून जात नाही. बायपासचाच एक सुटसुटीत प्रकार, ज्यात दोनऐवजी एकच जोड असतो, आपल्याकडे 'मिनी बायपास' या नावाने ओळखला जातो.

पोट लहान झाल्यामुळे माणूस कमी खातो, ही समजूत अर्धीच खरी आहे. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि स्लीव्हमध्ये तोच भाग काढला जातो. आतड्याच्या पुढच्या भागात अन्न लवकर पोहोचल्यामुळे तृप्तीची आणि इन्सुलिन वाढवणारी संप्रेरके अधिक स्रवतात. त्यामुळे अनेक मधुमेही रुग्णांची साखर वजन उतरण्याच्या आधीच, काही दिवसांत, खाली येऊ लागते. पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या सुमारे २५ ते ३० टक्के वजन कमी होणे ही सर्वसाधारण अपेक्षा धरता येते. १०० किलोचा माणूस ७० ते ७५ वर येईल, ५५ वर नव्हे, हे शस्त्रक्रियेच्या आधीच मनाशी पक्के असावे. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेतील मृत्यूचा धोका साधारण हजारात एक, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या आसपास मानला जातो. तो शून्य नाही, म्हणूनच पुढची सगळी तपासणी आहे.

पात्रता आणि विम्याची अडचण

वजन किलोमध्ये घेऊन त्याला उंचीच्या, मीटरमधल्या, वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. १९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या निकषानुसार बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, अथवा ३५ च्या वर असून मधुमेहासारखा आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होत असे. आपल्या लोकांना त्याहून कमी वजनातही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, कारण आपली चरबी पोटात अधिक साठते. म्हणून २०२२ मध्ये या विषयातील अमेरिकी व आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून जे नवे निकष दिले, त्यांत आशियाई लोकांसाठी २७.५ बीएमआयपासून शस्त्रक्रियेचा पर्याय समोर ठेवावा असे म्हटले आहे.

विमा मात्र जुन्या निकषांच्या जवळ उभा आहे. विमा नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या प्रमाणित अटींनुसार रुग्णाचे वय १८ किंवा अधिक असावे लागते, डॉक्टरांचा सल्ला लागतो आणि बीएमआय ४० असावा लागतो, किंवा ३५ असून सोबत हृदयाचा विकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा विकार) अथवा आटोक्यात नसलेला मधुमेह असावा लागतो. ३५ वाल्या रुग्णाने वजन उतरवण्याचे साधे उपाय करून पाहिले व ते फसले, हेही दिसावे लागते. १५८ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे उदाहरण घ्या. वैद्यकीय निकषानुसार ६९ किलोच्या आसपास तिच्याशी शस्त्रक्रियेविषयी बोलता येते, तर विम्यासाठी तिचे वजन ८७ किलोच्या पुढे आणि सोबत मोठा आजार असावा लागतो. माझ्या जावेचे वजन ९२ किलो, बीएमआय जवळजवळ ३७ होता आणि मधुमेह व स्लीप ॲप्निया दोन्ही होते, म्हणून तिचे काम झाले.

यातून तयारीची एक अतिशय व्यावहारिक गोष्ट निघते. शस्त्रक्रियेसाठी साखर आटोक्यात आणावी लागते आणि विम्यासाठी ती आटोक्यात नव्हती हे दाखवावे लागते. त्यामुळे गेल्या दोन-तीन वर्षांचे तारखेनिशी रिपोर्ट, आहारतज्ज्ञांचे जुने कागद, वजनाच्या नोंदी, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या हे सगळे पहिल्या भेटीच्या आधी एका फायलीत लावावे. आपल्याकडे असे कागद दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. ते जाऊ देऊ नयेत.

तपासण्यांची रांग

या शस्त्रक्रियेआधी रक्ताच्या पाच-सहा नळ्या भरून घेतात, पोटाची सोनोग्राफी, हृदयाचा ईसीजी व बहुधा टूडी एको होतो, छातीचा एक्स-रे निघतो, तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहिले जाते. बिल वाढवण्यासाठी हे चालले आहे, अशी शंका घरातल्या कोणालातरी येतेच. आमच्याकडे ती माझ्या दिरांना आली होती. म्हणून यातल्या काही तपासण्यांविषयी थोडे विस्ताराने सांगते.

दुर्बिणीने जठर पाहण्याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे छातीत जळजळ आणि आम्लाचा त्रास. स्लीव्हनंतर जठराची नळी अरुंद होते, आतला दाब वाढतो आणि जळजळ आधीपासून असेल तर ती बळावू शकते. अशा रुग्णाला पुष्कळदा बायपास सुचवली जाते. म्हणजे कोणती शस्त्रक्रिया करायची हे ठरवण्यात या तपासणीचा मोठा वाटा असतो. दुसरे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. तो आपल्याकडे पुष्कळांच्या जठरात असतो आणि अल्सर करतो. बायपासनंतर मागे राहिलेल्या जठरापर्यंत साधी दुर्बीण पोहोचतच नाही. तिथे पुढे काही बिघडले तर ते पाहणेही अवघड होते. म्हणून जंतू सापडला तर साधारण दोन आठवड्यांचे औषध देऊन तो आधीच घालवतात.

रक्ततपासणीत बी-१२, लोह, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व पाहतात. 'जास्त खाणाऱ्या माणसाला कसली कमतरता?' असा प्रश्न सहज मनात येतो, परंतु लठ्ठपणा असलेल्यांमध्ये या कमतरता फार आढळतात, आणि आपल्यासारख्या शाकाहारी घरांत बी-१२ ची अधिकच. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेतली तर ते आणखी कमी होऊ शकते. बी-१२ शोषले जाण्यासाठी जठरातून स्रवणारे एक प्रथिन लागते आणि लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी पहिल्या भागात शोषले जाते. स्लीव्हमध्ये जठर कमी होते, बायपासमध्ये आतड्याचा तो पहिला भागच वाटेतून वगळला जातो. कमतरता घेऊनच जो टेबलावर गेला, त्याला नंतर ती भरून काढणे फार जड जाते. माझ्या जावेचे हिमोग्लोबिन ९.४ होते. तिची तयारी दोन महिने लांबली ती केवळ लोहाच्या उपचारासाठी. त्या वेळी ती वैतागली होती, परंतु ते दोन महिने वाया गेले नाहीत.

झोपेची तपासणी ही लोकांना सर्वांत अनावश्यक वाटते आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकून दचकून जागे होणे, दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे, ही स्लीप ॲप्नियाची लक्षणे आहेत. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. भूल दिल्यावर आणि नंतर वेदनाशामक औषधांच्या गुंगीत हेच अधिक तीव्रतेने घडू शकते. म्हणून संशय असेल तर रात्रभर यंत्र लावून झोप तपासतात आणि गरज पडल्यास मुखवट्यातून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र काही आठवडे आधीपासून वापरायला सांगतात. घोरण्याला आपण गाढ झोपेची खूण समजतो. घरच्यांनी डॉक्टरांना ही गोष्ट आपणहून सांगायला हवी, कारण झोपलेल्या माणसाला स्वतःचे घोरणे ठाऊक नसते.

सोनोग्राफीत पित्ताचे खडे आहेत का हेही पाहतात. वजन झपाट्याने उतरते तेव्हा नवे खडे होण्याची शक्यता वाढते. ते होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रियेनंतर सहा महिने एक गोळी बहुधा दिली जाते.

औषधे, तंबाखू आणि न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी

घरातली सगळी औषधे एका पिशवीत भरून भूलतज्ज्ञांपुढे ठेवावीत, नावे आठवून सांगू नयेत. मधुमेहाच्या औषधांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी 'फ्लोझिन'ने संपणारी नावे आता फार प्रचलित आहेत. ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. जेवण अगदी कमी असताना ती चालू राहिली तर रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर प्रकार होऊ शकतो, आणि त्यात रक्तातील साखर फारशी वाढलेलीही दिसत नाही. म्हणून ती शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवण्याचा नियम आहे आणि कमी उष्मांकाचा आहार सुरू होतानाच त्यांच्याविषयी विचारून घेणे शहाणपणाचे. इन्सुलिन घेणाऱ्यांचे डोसही त्या दोन आठवड्यांत कमी करावे लागतात, अन्यथा साखर एकदम उतरते. वजन कमी करण्याची जी नवी साप्ताहिक इंजेक्शने आली आहेत, ती जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. उपाशी राहूनही पोटात अन्न असण्याची शक्यता राहते आणि भूल देताना ते श्वासनलिकेत जाऊ शकते. अशी इंजेक्शने कोणाला न सांगता घेणारी माणसे आता कमी नाहीत. भूलतज्ज्ञांपासून तरी हे लपवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने ना बंद कराव्यात, ना चालू ठेवाव्यात. गुग्गुळ, अश्वगंधा, वजन उतरवण्याचे काढे हेही औषधांच्या पिशवीत असावे.

तंबाखूविषयी स्पष्ट बोलायला हवे. मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन एकत्र करणे चालूच आहे. 'मी सिगारेट ओढत नाही' असे म्हणणारा माणूस दिवसाला आठ पुड्या खाणारा असू शकतो. निकोटिन कोणत्याही वाटेने आत गेले तरी रक्तवाहिन्या आकुंचित करते. जठराच्या जोडाला रक्त कमी पोहोचले की जोड उशिरा भरतो, गळतीचा धोका वाढतो आणि पुढे त्या जागी अल्सर होतात. किमान सहा आठवडे आधी तंबाखू पूर्ण बंद, आणि नंतर कायमची बंद, यात सवलत मागू नये. मिश्रीही यात आली. दारूचेही असेच सांगावे लागेल. बायपासनंतर ती रक्तात फार लवकर आणि फार जास्त चढते, आणि पूर्वी व्यसन नसलेल्यांनाही पुढे ते जडल्याची उदाहरणे आहेत.

तरुण स्त्रियांशी एक गोष्ट आधीच बोलली गेली पाहिजे आणि ती बहुधा बोलली जात नाही. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी लागते, कारण त्या काळात वजन वेगाने उतरत असते आणि बाळाला लागणारे पोषण पुरे पडत नाही. दुसरीकडे, वजन उतरू लागले की अनियमित पाळी नियमित होते आणि वर्षानुवर्षे न राहिलेला गर्भ अनपेक्षितपणे राहू शकतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या रक्ताच्या गुठळ्यांच्या भीतीने शस्त्रक्रियेआधी सुमारे महिनाभर थांबवतात आणि बायपासनंतर पोटातून घेतलेल्या गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवत नाहीत. तेव्हा पाळणा लांबवण्याचा दुसरा उपाय आधीच ठरवावा, आणि त्या चर्चेला नवऱ्याने सोबत बसावे.

स्वयंपाकघरातली तालीम

इंदूरमध्ये सकाळ पोह्यांनी सुरू होते. पोह्यांवर शेव, शेजारी जिलबी आणि हातात चहा. रात्री पाहुणे आले तर त्यांना सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत नेल्याशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. या शहराची खाण्यावरची माया मला प्रिय आहे आणि या लेखात तिची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु शस्त्रक्रियेनंतरच्या जगण्यातले तीन नियम या सवयींच्या अगदी उलट जातात, म्हणून ते आधी दोन-तीन महिने अंगवळणी पाडावे लागतात.

पहिला नियम, खाणे आणि पिणे एकत्र नाही. जेवणाच्या आधी व नंतर साधारण अर्धा तास पाणी, चहा, ताक काही नाही, कारण अरुंद नळीत दोन्ही एकदम मावत नाहीत आणि पाण्याबरोबर अन्न लवकर पुढे सरकून पोट भरल्याची जाणीव हरवते. पोहे आणि चहा ही जोडी तोडणे माझ्या जावेला वजनाच्या काट्यापेक्षा अवघड गेले. तिने आधी दोन महिने घड्याळ लावून हे केले.

दुसरा नियम, सावकाश. चहाच्या लहान चमच्याने घास घ्यायचा, तोंडात त्याची पेज होईपर्यंत चावायचा, चमचा खाली ठेवायचा आणि मगच पुढचा घ्यायचा. वाटीभर खिचडीला २० ते ३० मिनिटे लागली पाहिजेत. डबा घेऊन दुकानावर किंवा कचेरीत पाच मिनिटांत जेवणाऱ्याला हे प्रत्यक्ष केल्याशिवाय कळत नाही. शस्त्रक्रियेनंतर एक घास घाईने गिळला तरी तो अडकतो, छातीत दुखते आणि उलटी होते.

तिसरा नियम, प्रथिन आधी. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिन लागते, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. शाकाहारी घरात हा हिशेब आधी मांडून पाहावा. वाटीभर शिजलेल्या वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, मोठ्या पेलाभर दुधातून आठ, १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८, आणि ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून १५ च्या आसपास. चतकोर वाटीवर पोट भरणाऱ्या माणसाला यातून ६० गाठणे कठीण, म्हणून प्रथिनांची पावडर लागते. ती शस्त्रक्रियेआधीच दोन-तीन प्रकारची आणून चव पाहावी. जी घशाखाली उतरत नाही तिचा मोठा डबा घेऊन ठेवणे व्यर्थ. एकादशी, चतुर्थी, सोमवार धरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिन नाममात्रच असते आणि पहिल्या वर्षात असे उपास परवडणारे नाहीत. आमच्या सासूबाईंनी सुनेचे सोमवार स्वतःकडे घेतले, त्यामुळे तो प्रश्न सुटला.

जिलबीविषयी एवढेच, की बायपासनंतर साखर थेट आतड्यात उतरते, तिथे पाणी ओढून घेते आणि अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात. याला डंपिंग म्हणतात. स्लीव्हमध्ये हे कमी होते, पण होते.

घरची माणसे

मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवली जाते तेव्हा 'मी काय वेडी आहे?' ही प्रतिक्रिया ठरलेली. तिथे वेगळेच पाहिले जाते. दुःखात किंवा रागात, भूक नसताना खाण्याची सवय आहे का, रात्री लपून खाल्ले जाते का, नैराश्य आहे का, आणि अपेक्षा काय आहेत. शस्त्रक्रियेने पोटाची भूक कमी होते, एकटेपणाची होत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात आणि बहुधा पुन्हा येतात. कातडी सैल पडते आणि ती मात्र आपोआप घट्ट होत नाही. काही वर्षांनी थोडे वजन परत येते. हे आधी ऐकलेले असले की नंतर धक्का बसत नाही.

घरच्यांची तयारी मला रुग्णाच्या तयारीइतकीच महत्त्वाची वाटते. आपल्याकडे माया ताटातून व्यक्त होते. 'अगं, एवढंसंच? अजून दोन घास घे,' हे म्हणणाऱ्या सासूबाईंना जेव्हा आम्ही आहारतज्ज्ञांच्या भेटीला सोबत नेले आणि त्या बाईंनी टेबलावर दोन चमचे पाणी मावेल एवढी वाटी ठेवून दाखवली, तेव्हा सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून बाळाच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली. माझी जाऊ आजही त्याच वाटीत जेवते.

शेवटचे काही दिवस

रोज चालण्याचा सराव आधीपासून हवा, कारण शस्त्रक्रियेच्या त्याच दिवशी संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या सकाळी रुग्णाला उठवून चालवतात. पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हा या शस्त्रक्रियेतील मोठा धोका आहे आणि चालणे हा त्यावरचा पहिला उपाय. आम्ही दोघी तीन महिने पहाटे मेघदूत उद्यानात जात होतो. फुप्फुसांच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचे श्वासाचे खेळणे मिळते, त्याचाही सराव आठवडाभर आधीपासून करावा. वेदनेत नवी गोष्ट शिकणे कठीण असते.

घरात मिक्सर, बारीक गाळणी, मापाचे पेले आणि पहिल्या दोन आठवड्यांसाठी गाळलेली कढणे करता येतील असे सामान आणून ठेवावे. त्यानंतर मऊ, पातळ, मग हळूहळू घट्ट असे करत नेहमीच्या जेवणापर्यंत यायला सहा ते आठ आठवडे लागतात. कोणत्या गोळ्या कुटून घ्यायच्या आणि कोणत्या कुटायच्या नाहीत, हे लिहून घ्यावे. देवास, धार, खरगोनकडून येणाऱ्यांनी पहिला आठवडा इंदूरमध्येच नातेवाइकांकडे काढता आला तर पाहावे. घरी आल्यावर नाडी मिनिटाला १२० च्या वर राहणे, ताप, श्वास लागणे, पोटात किंवा खांद्यात वाढत जाणारी कळ, यांतले काहीही दिसले तर सकाळ होण्याची वाट न पाहता सर्जनच्या चमूला फोन करायचा असतो. नाडी वाढणे हे गळतीचे पहिले आणि कधी कधी एकमेव लक्षण असते, म्हणून नाडी मोजायला घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्यावे. वांत्या दिवसांमागून दिवस चालू राहिल्या आणि जवळच्या दवाखान्यात सलाईन लावायची वेळ आली, तर शस्त्रक्रिया झाल्याचे तिथे आवर्जून सांगावे. अशा वेळी बी-१ जीवनसत्त्व न देता नुसते ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होऊ शकते.

दुसऱ्या तारखेच्या आदल्या रात्री आम्ही फाईल, सीपॅप यंत्र, औषधांची पिशवी आणि तिच्या प्रश्नांची वही बॅगेत भरली. घट्ट अन्न भूल देण्याच्या सहा तास आधीपर्यंत आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, असा सर्वसाधारण नियम आहे, पण तिच्यासाठी भूलतज्ज्ञांनी वेळा स्वतः लिहून दिल्या होत्या आणि तो कागद मी फ्रिजवर चिकटवला होता. सकाळी सहाला तिने पाण्याचा शेवटचा घोट घेतला. दुपारी सर्जन बाहेर आले, तेव्हा माझ्या दिरांनी सगळ्यात आधी यकृताविषयी विचारले. ते सहज उचलले गेले, असे त्यांनी सांगितले.